शंभरातला तो एक

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? समोर दोन माणसं उभी आहेत. एक छाती ठोकून म्हणतो, "हे होणार म्हणजे होणार." दुसरा कान खाजवत म्हणतो, "होईलही. पण शंभरात एखाद्या वेळेस." पहिल्याचं बोलणं ठाम, दुसऱ्याचं गुळमुळीत. आपण बहुतेक जण पहिल्याचा हात धरतो. आणि तो पहिला जर आपल्याच पोटात बसलेली भीती असेल, तर हात सोडवून घ्यायचीही सोय राहत नाही.

बटणवाल्यांचं असंच झालं.

बाजाराच्या तोंडाशी त्यांचं बटणांचं दुकान. शर्टाची, कोटाची, लहान मुलांच्या झबल्यांची, सगळी ठोक भावानं. खाली दुकान, वर घर, मध्ये सतरा पायऱ्या. माणूस धंद्यात पक्का. वाईट माल त्यांच्या गळ्यात मारणारा अजून जन्माला यायचाय. पण दुकानाचा उंबरा ओलांडून घरात शिरले की सशाचं काळीज. घरात काडेपेटी एका वेळी एकच आणायची, असा त्यांचा नियम होता. (दोन आणल्या तर एकमेकींना घासतील.) घरात बायको, सून, आणि मालाच्या खरेदीसाठी महिन्यातले वीस दिवस परगावी असणारा मुलगा. मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी गेलेली, आणि तिचे पहिल्या बाळंतपणाचे दिवस भरत आलेले.

तर झालं काय, वर घरातल्या बोळाच्या भिंतीचं रंगकाम काढलं. भिंतीवर तीन फोटो होते, आजोबांचा, वडिलांचा आणि थोरल्या काकांचा. रंगारी म्हणाला, मी लावून देतो. बटणवाले म्हणाले, नको, मीच लावतो. एवढाच काय तो निर्णय. माणसाचं वाटोळं व्हायला याहून मोठा निर्णय लागत नाही.

ते स्टुलावर चढले. खिळ्याला अडकवण्याआधी आजोबांचा फोटो मागून पुसला. मागच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी जन्माचं साल आणि खाली मृत्यूचं साल लिहून ठेवलेलं. आता दुकानदार माणूस! एकाखाली एक दोन आकडे दिसले की वजाबाकी केल्याशिवाय राहवतं का? सत्तावन्न. त्यांनी फोटो लावला. मग वडिलांचा उलटा केला. सत्तावन्न. काकांचा उलटा करू नये असं त्यांना फार वाटलं, पण हात ऐकेना. सत्तावन्न.

स्वतःचं वय काढायला वजाबाकी लागली नाही. दोनच महिन्यांपूर्वी सत्तावन्न पुरी झाली होती.

स्टुलावरून ते उतरले नाहीत. बायकोनं आणि रंगाऱ्यानं मिळून त्यांना उतरवलं.

त्या दिवसापासून बटणवाल्यांच्या अंगात जी धडकी भरली ती भरलीच. सतरा पायऱ्या ते बसून उतरू लागले, एकेक पायरी, दोन्ही हात टेकून. गिऱ्हाईक खाली उभं राहून बघायचं आणि बटणवाले वरून सांगायचे, येतोय, बारावीवर आहे. नखं कापायची त्यांनी बंद केली. जेवताना बोलायचं नाही, बोलताना चालायचं नाही, चालताना विचार करायचा नाही.

मग त्यांना नाडीचा नाद लागला. सकाळी उठलं की दोन वाट्या पुढ्यात. एकीत बटणं, दुसरी रिकामी. डाव्या हाताची नाडी उजव्या हातानं धरायची, तर बटणं कुठल्या हातानं टाकायची? म्हणून सुनेला बसवलं. ते "हं" म्हणायचे, ती एक बटण टाकायची. एकदा असंच "हं, हं" चाललेलं असताना बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, चहा टाकू का? बटणवाल्यांनी मानेनंच नको म्हटलं, आणि "हं" राहिला. मिनिट संपल्यावर बटणं मोजली तर रोजच्यापेक्षा सहा कमी. बटणवाले पांढरेफटक पडले. हृदय सहा ठोके बंद होतं, आणि तेवढ्या वेळात आपण चहाला नको म्हणालो. म्हणजे मेल्यावर नको म्हणालो.

डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली, आणि जाताना बायकोला सांगितलं की यांना बटणांपासून लांब ठेवा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण लेकीचा रोज फोन येत होता. तिकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तीनेक आठवड्यांत कधीही. सासरी बाईमाणूस कुणी नाही. लेक आधी म्हणायची, आई, सावकाश ये. मग म्हणू लागली, आई, कधी येतेस? आणि परवा काहीच म्हणाली नाही, नुसता फोन कानाला धरून बसली. बायकोनं पिशवी भरून दारामागे ठेवली होती. पण पिशवीला हात लावला की बटणवाले छातीला हात लावायचे. तू गेलीस आणि इकडे मला काही झालं तर? सून दिवसभर ऑफिसात, मुलगा परगावी. सतरा पायऱ्या, आणि मी एकटा.

बायको पिशवी खाली ठेवायची.

आता सुनेबद्दल सांगायला हवं. ती विम्याच्या ऑफिसात होती. कुठल्या वयाची किती माणसं वर्षाला जातात, याचे तक्ते तिच्या टेबलावर असत. लग्न ठरलं तेव्हा बटणवाले म्हणाले होते, मुलगी चांगली आहे, पण धंदा फार भयंकर आहे. दोन वर्षं त्यांनी तिच्याशी वयाचा विषय कटाक्षानं टाळला. (वाढदिवसाला केक कापायचे, पण मेणबत्त्या मोजू द्यायचे नाहीत.) सासूचे डोळे भरलेले बघून सूनच एका रविवारी पुढे झाली.

तिनं एका कापडी पिशवीत नऊ पांढरी बटणं आणि एक काळं टाकलं. म्हणाली, बाबा, न बघता एक काढा. काळं निघण्याची शक्यता किती? बटणवाल्यांना शक्यता हा शब्द फक्त वर्तमानपत्रात वादळाच्या बातमीत वाचून माहीत होता. सुनेनं समजावलं. एकूण बटणं दहा, आपल्याला नको ते एक, म्हणून दहात एक. सोपं आहे. बटणवाल्यांनी डोळे मिटून हात घातला.

काळं.

"दहात एक म्हणालीस ना तू?"

"दहात एक म्हणजे कधीच नाही असं नाही, बाबा. क्वचित. परत टाका, परत काढा."

त्यांनी परत टाकलं, परत काढलं. पांढरं. परत टाकलं, परत काढलं. पांढरं. सलग नऊ वेळा पांढरं आलं. सून खूश होऊन म्हणाली, बघा. पण बटणवाल्यांनी हात मागे घेतला आणि पाठीशी धरला.

"आता मी नाही घालणार हात. नऊ झाली. आता काळ्याचीच पाळी."

"पिशवीला काय माहीत आधी काय निघालं ते? दर वेळी दहाच्या दहा बटणं आत आहेतच की. तिला आठवण नसते."

"पिशवीला नसेल. काळ्या बटणाला असते," बटणवाले म्हणाले.

सुनेनं पिशवी बाजूला ठेवली. मग तिनं जे केलं ते तिनं करायला नको होतं. तिला वाटलं, खरा आकडा सांगितला की माणसाला धीर येतो. आमच्या तक्त्यात बघितलं, ती म्हणाली, तुमच्या वयाच्या धडधाकट शंभर माणसांत वर्षभरात साधारण एक जातो. नव्व्याण्णव राहतात.

बटणवाल्यांनी थोडा वेळ विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर, सुनेला वाटलं, प्रकाश पडला.

प्रकाश पडला होता, पण भलताच. बटणवाल्यांच्या दुकानदारी डोक्यानं हिशेब असा मांडला: शंभरात एकाला जायचंच आहे. म्हणजे कोटा ठरलेला आहे. तो एकजण दुसरा कुणी निघाला, तर आपण सुटलो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाजारात सत्तावन्न वर्षांची माणसं शोधायला सुरुवात केली. वय विचारायला लाजायचे ते बटणवाले आता दिसेल त्याला वय विचारू लागले. छप्पन्नच्याला सोडून द्यायचे, अठ्ठावन्नचाही त्यांच्या कामाचा नव्हता. चार दिवस हिंडून तेरा जण मिळाले. शंभर हवे होते, पण बाजारच लहान, तेरांत भागवायचं ठरलं. रोज दुकान उघडायच्या आधी ते एक फेरी मारत. किराणावाल्याला विचारायचे, दम लागतो का हो? कुलपं दुरुस्त करणाऱ्याला विचारायचे, चक्कर वगैरे? तो म्हणायचा, अजिबात नाही. बटणवाले हिरमुसून पुढे जायचे.

आणि त्यात कोपऱ्यावरच्या शिंप्याला सर्दी झाली.

शिंपी तेरांतला. नुसती सर्दी, पण कपाळ तापलेलं. बटणवाल्यांना सकाळी कळलं, दुपारी ते फळं घेऊन हजर. एरवी या शिंप्याला ते डझनात एक बटण जास्त देत नसत. उशाशी स्टूल ओढून बसले, हात हातात घेतला, आणि मायेनं विचारलं, जड वाटतंय का? शिंप्याला गहिवरून आलं. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. चौथ्या दिवशी शिंपी मशीनवर बसलेला दिसला, तेव्हा बटणवाले दारातच थबकले. म्हणाले, "तुम्ही उठलात?" आणि ते इतक्या पडलेल्या आवाजात म्हणाले की शिंप्याची बायको चुलीपासून उठून बाहेर आली.

संध्याकाळी ती बटणवाल्यांच्या घरी. तिनं आवाज चढवला नाही. फक्त बटणवाल्यांच्या बायकोला विचारलं, वहिनी, आमच्या ह्यांनी तुमच्या ह्यांचं काय वाकडं केलंय? उशाशी बसून ते रोज विचारायचे, अजून किती दिवस वाटतात? आणि आज हे बरे झाले तर तुमचे हे घरी जाताना रडत होते.

ती गेली तेव्हा बटणवाले खुर्चीत अंग चोरून बसले होते. बायको उठली, दारामागची पिशवी आणून मधोमध ठेवली.

"गुरुवारची गाडी आहे," ती म्हणाली. "ती चुकली तर पोरगी एकटी बाळंत होईल. तिलाही भीती वाटते. पण ती कुणाच्या उशाशी जाऊन बसत नाही."

खरं सांगायचं तर बटणवाल्यांना लेकीसाठी बायकोला पाठवायचं होतं. पण पोटातला तो ठाम माणूस म्हणत होता, तीन फोटो. तीन सत्तावन्न. आता चौथा खिळा.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सुनेनं ऑफिसला सुट्टी टाकली आणि खाली दुकानात येऊन बसली. तेवढ्यात बटणांचं नवं पोतं आलं. पोतं आलं की बटणवाल्यांची भीती कुठल्या कुठे पळते, हे तिनं पाहिलेलं होतं. त्यांनी बाही कोपराच्या वर सारली, पोत्याचं तोंड सोडलं, आणि हात थेट आत, खोल, खांद्यापर्यंत. तळातून एक मूठ काढली, फडक्यावर पसरली, भोकं बुजलेली आणि कडा उडालेली वेगळी केली. शंभरात चार खराब. चालेल, म्हणाले, घेतो.

सुनेनं विचारलं, एवढा हात कशाला घालायचा? वरचीच मूठ घेतली असती.

बटणवाल्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं आपण बुद्धिबळात हत्ती तिरका चालवणाऱ्याकडे बघतो.

"वरची मूठ घेणारा दुकान बंद करून घरी बसतो. वर काय ठेवायचं ते माल देणारा ठरवतो. पोत्यात काय आहे ते तळ सांगतो. सगळ्या पोत्यातून निघालेली मूठ खरी, निवडून वर ठेवलेली खोटी."

"मग बाबा," सून हळूच म्हणाली, "भिंतीवरची मूठ तुम्ही कुठून घेतलीत?"

बटणवाल्यांच्या हातातली बटणं फडक्यावर एकेक करून गळून पडली. थोड्या वेळानं त्यांनी बाही खाली केली आणि म्हणाले, आत्याकडे जाऊ या.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी, दात चार, पण चारही बोलण्यात. दोन गल्ल्या सोडून राहायची. घराण्यातले चौकटीत न बसलेले सगळे फोटो तिच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. तिनं डबा पलंगावर उपडा केला आणि एकेकाला ओळखून दाखवू लागली. सून वहीत लिहीत होती. हा चौऱ्याहत्तरला गेला. हा एक्याऐंशीला. हा नव्वदला, आणि तोवर सगळ्यांना नको नको करून. हा अडुसष्टला. हाही एक्याऐंशीला. भिंतीवरचे तिघे धरून एकूण तेवीस पुरुष झाले. सत्तावन्नला गेलेले तीनच, भिंतीवरचे. बाकी वीस जण पार पुढे गेलेले.

बटणवाल्यांनी वहीत डोकावून विचारलं, "मग भिंतीवर हे तिघेच का?"

"का म्हणजे? भरल्या घरातून उठून गेले ते," आत्या म्हणाली. "सगळे हळहळले. फोटो मोठा केला, चौकट केली. नव्वदला जाणाऱ्याची चौकट कोण करतो? औषधं देऊन देऊन घरचे थकलेले असतात. खिळा ठोकायचंही त्राण नसतं."

म्हणजे भिंतीवर चढायची अटच ती होती. लवकर जा, भिंत मिळेल. बटणवाल्यांना हे कळलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला, पण तो दुसऱ्या जातीचा, ताप उतरताना येतो तसा.

तरी त्यांनी शेवटचा प्रयत्न केलाच. तिघे एकाच वयाला, हे काही साधं नाही. त्यावर आत्यानं विचारलं, तुझे आजोबा शिडीवरून पडले, तू शिडीवर चढतोस? तुझा बाप साथीच्या तापानं गेला, तुला ताप आहे? काका पोहता येत नसताना खोल पाण्यात उतरला, तू उतरणार आहेस? सुनेनं वही पुढे सरकवली. तिघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. आणि तेवीस जण म्हटल्यावर कुठल्या ना कुठल्या वयावर दोघं-तिघं जमणारच. एक्याऐंशीला तर चौघं गेलेत.

"चौघं?" बटणवाल्यांचा आवाज पुन्हा बारीक झाला. "म्हणजे एक्याऐंशीला सांभाळायला हवं."

आत्यानं डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, बाळा, आपल्या घराण्यात भीतीनं कुणी मेलेलं नाही. तसं होत असतं तर तू सातव्या वर्षीच गेला असतास.

घरी येताना बटणवाल्यांनी कोट्याचा हिशेब कबूल केला, आणि सुनेनं तो गुंताही सोडवला. शंभरात एक म्हणजे यादीतल्या एकाला न्यायचंच असं नव्हे. शिंपी बरा झाला म्हणून तुमची पाळी येत नाही, आणि शिंप्याला काही झालं असतं तर तुम्ही सुटलाही नसतात. त्याची पिशवी त्याची, तुमची तुमची. बटणवाले रस्त्यात थांबले. मग घरी न जाता शिंप्याकडे गेले, आणि दारात उभं राहून म्हणाले, चुकलं माझं. शिंपी म्हणाला, फळं गोड होती.

गुरुवारी बटणवाले सतरा पायऱ्या पायांनी उतरले. हात कठड्यावरून सुटत नव्हता, पण उतरले. भीती गेली नव्हती हो. ती अशी डबा उपडा केल्यानं जात नाही. पण तिच्या शेजारी आता एक आकडा येऊन बसला होता, त्यामुळे तिला जरा सरकून बसावं लागत होतं. बायकोची पिशवी त्यांनी स्वतः गाडीत ठेवली. खिडकीखाली उभं राहून शहाण्या माणसासारखे बोलू लागले. तू निश्चिंत जा. मला काही होण्याची शक्यता वर्षाला शंभरात एक, म्हणजे तुझ्या पंधरा दिवसांत किती, तर जवळजवळ काहीच नाही. पोरीला सांग, बाबा मजेत आहेत.

बायको ऐकत होती. मग म्हणाली, तुम्ही एवढं शिकलात तर मीही एक सांगते. लग्न झाल्यापासून तुम्ही जेवढ्या वेळा म्हणालात की आता काहीतरी वाईट होणार, तेवढ्या रेघा मी मसाल्याच्या कपाटाच्या दारामागे ओढल्या आहेत. चौतीस वर्षं. चारशे सहा रेघा झाल्या.

बटणवाल्यांना हे नवीन होतं. त्यांनी भीत भीत विचारलं, त्यातलं खरं किती झालं?

"एक," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, दूध उतू जाणार. आणि गेलं."

बटणवाल्यांची छाती किंचित फुगली. गाडी हलू लागली होती, तरी ते खिडकीबरोबर चार पावलं चालले. "म्हणजे माझा अंदाज खरा ठरण्याची शक्यता चारशे सहात एक. अगदीच शून्य नाही."

"शून्यच धरा," बायको खिडकीतून म्हणाली. "ते दूध तुम्हीच तापत ठेवलं होतं. आणि शेजारी उभं राहून बघत होतात."

तेव्हा तुम्हालाही एवढंच मागणं आहे. भीतीचा हिशेब ठेवा, पण प्रामाणिकपणे ठेवा. उतू गेलेल्या दुधाची रेघ ओढाल तर न गेलेल्या दुधाचीही ओढा. आणि गॅस कुणी मोठा केला होता, तेही शेजारी लिहून ठेवा.